फातमा बेगम: दिग्दर्शिका आणि कंपनीची मालकीणही

‘पहिली भारतीय दिग्दर्शिका’ यापलीकडे फातमा बेगमबद्दल काही सापडत नाही, त्यांचे चित्रपट कुठे पाहायला मिळतील आणि १९२९ नंतर त्यांचं काय झालं, असं तुम्ही विचारलंय.

चित्रपट पाहायला मिळणार नाहीत. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटाची, ‘बुलबुल-ए-परिस्तान’ची (१९२६), एकही प्रत उरलेली नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भडकन पेट घेणारी. शिवाय जुन्या प्रती त्यातली चांदी काढायला विकल्या जायच्या. पुण्याचं चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभं राहिलं, तोवर बहुतेक मूकपट नष्ट झाले होते.

मला ते ‘पहिली’चं बिरुद अपुरं वाटतं, कारण त्यात त्यांची कंपनी झाकली जाते. बाई उर्दू रंगभूमीवरून आल्या. १९२२ साली अर्देशीर इराणींच्या स्टार फिल्म कंपनीच्या ‘वीर अभिमन्यू’त पडद्यावर दिसल्या. जेमतेम नऊ वर्षांपूर्वी ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना तारामती मिळेना, शेवटी अण्णा साळुंके या पुरुषालाच लुगडं नेसवावं लागलं होतं. त्या धंद्यात १९२६ साली एक बाई स्वतःच्या नावाने ‘फातमा फिल्म्स’ काढते! दोन वर्षांनी कंपनीचं नाव ‘व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स’ झालं.

आणि पहिलाच विषय कोणता, तर परीकथा. म्हणजे भरपूर ट्रिक फोटोग्राफी, खर्चाला अंत नाही. नव्या निर्मातीने पौराणिक कथा घेतली असती तर प्रेक्षक आयते मिळाले असते. घरच्या कंपनीत लेखन, दिग्दर्शन, अभिनय सगळं त्याच करायच्या, आणि त्याच काळात कोहिनूर आणि इंपीरियल या कंपन्यांच्या चित्रपटांतही कामं करायच्या. बाहेरचं मानधन घरच्या चित्रपटांत जात असावं, हा आपला माझा तर्क. जुबेदा, सुलताना, शहजादी या तिन्ही मुलीही पडद्यावर आल्या.

१९२९ नंतर त्यांनी दिग्दर्शन केलं नाही. थोड्याच काळात बोलपट आला. ध्वनियंत्रणा, आवाजबंद स्टुडिओ, नव्या मशिनी हा खर्च लहान कंपन्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. गंमत बघा, १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला तो याच इराणींचा, आणि नायिका होती फातमाबाईंची जुबेदा. आई त्यानंतरही अभिनय करत होती, १९३८च्या ‘दुनिया क्या है’पर्यंत. १९८३ साली त्या गेल्या.

निर्मितीचा नाद मात्र घरात टिकला: १९३४ साली जुबेदाने दिग्दर्शक नानुभाई वकिलांबरोबर महालक्ष्मी मूव्हीटोन ही चित्रपट कंपनी काढली. आईच्या कंपनीनंतर लेकीची कंपनी, हा धागा कुणी नीट मांडलेला माझ्या तरी वाचनात नाही. तुम्ही लिहिणार असाल तर तिथून सुरुवात करा.