होमस्टेमधल्या त्रासदायक पाहुण्यांबद्दल सभ्य भाषेत रिव्ह्यू कसा लिहावा?

तुम्ही लिहिलंय की पाहुणे बोलायला गोड होते, पण खोलीत स्वतःची इंडक्शन शेगडी लावून सुरमई तळली, चादरीवर तेल सांडलं आणि दहाच्या चेकआउटला साडेबारा वाजवले. आता खोटं न लिहिता आणि भांडण न ओढवून घेता यांच्याबद्दल काय लिहू, असं तुम्ही विचारलंय. दापोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या तीन खोल्या आम्ही आठ वर्षं पाहुण्यांना देतोय. अशा चादरी मी पुष्कळ धुतल्यात.

आधी माझी फजिती सांगते. दुसऱ्याच वर्षी सहा जणांचं बुकिंग करून नऊ जण उतरले. पडवीत रात्री एकपर्यंत स्पीकर. सासूबाई माजघरातून दोनदा उठून बाहेर आल्या. ते लोक गेल्यावर न्हाणीतली वाळू काढता काढता मी मनात रिव्ह्यू रचला आणि हात पुसून तसाच बुकिंगच्या साइटवर टाकला: 'अत्यंत बेशिस्त, घाणेरडे लोक. संस्कार नाहीत.' फार बरं वाटलं. चार महिन्यांनी तालुक्यातल्याच एक होमस्टेवाल्या बाई बाजारात भेटल्या. तोच ग्रुप त्यांच्याकडेही राहून गेला होता, पाचांचे आठ होऊन. मी म्हटलं, अहो, मी लिहिलं होतं की! तर म्हणाल्या, "वाचलं होतं. तुम्ही चिडला होतात एवढं कळलं. माणसं जास्त आणतात हे कुठे लिहिलं होतंत?"

त्या दिवसापासून रिव्ह्यू लिहायला बसले की त्या बाईच डोळ्यांसमोर आणते. त्यांना खोली द्यायची की नाही हे ठरवायचंय, त्यासाठी काय कळायला हवं? माझा राग त्यांच्या काही कामाचा नाही. आज तोच रिव्ह्यू मी असा लिहीन: 'सहा जणांचं बुकिंग होतं, नऊ जण आले. जादा माणसांचे पैसे मागितल्यावर लगेच दिले. रात्री आवाज कमी करायला दोनदा सांगावं लागलं. मालक त्याच आवारात राहत नाहीत अशा स्वतंत्र बंगल्यात यांना जास्त मोकळं वाटेल.' शेवटचं वाक्य म्हणजे लेकी बोले सुने लागे. पाहुण्याला त्यात अपमान वाटत नाही आणि होमस्टेवाल्याला जे कळायचं ते कळतं. पैसे लगेच दिले हेही लिहायचं, कारण ते खरं आहे, आणि चांगलं लिहिलेलं दिसलं की वाईटावरही विश्वास बसतो.

उलट रिव्ह्यूची भीती बऱ्याच जणांना असते. एअरबीएनबी या बुकिंगच्या साइटवर यजमान आणि पाहुणे दोघांनीही एकमेकांबद्दल चेकआउटनंतर 14 दिवसांत लिहायचं असतं, आणि दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. म्हणजे तुमचं वाचून कोणी सूड म्हणून एक तारा देईल, हे होत नाही. छापून आल्यावर खाली जाहीर उत्तर देता येतं, तेवढंच. मी दोन दिवस जाऊ देते आणि मग लिहिते. स्वच्छता, संवाद आणि घराचे नियम यांचे तारे वेगवेगळे देता येतात, त्यामुळे शब्द मऊ ठेवून नियमांचे तारे खरे द्यायचे. सगळीकडे पाच तारे ठोकून मजकुरात कुरकुर करणारे यजमान मला कळत नाहीत.

उपरोध मात्र अजिबात नको. मराठीत आपण सहज लिहून जातो, 'यांच्या येण्याने आम्ही धन्य झालो.' यंत्राने भाषांतर केलं की दुसऱ्या राज्यातला यजमान ते खरंच धन्यवाद समजून वाचतो. हसू नका, माझ्या नणंदेचं झालंय.

त्याहून अवघड म्हणजे काय लिहायचं नाही. एकदा एका लहान मुलाने गादी ओली केली आणि त्याच्या आईने काही न बोलता ती उलटून ठेवली. दोन दिवसांनी वासावरून कळलं. मी चिडले होते, पण त्यातला एक शब्दही लिहिला नाही. रबराच्या चादरी आणल्या आणि लहान मूल असेल तर आपणहून घालते. जोडप्याचं लग्न झालंय का, कोण काय खातं, कोणाची जात-धर्म काय, कोणाचं दुखणं काय, हे रिव्ह्यूत कधीच येता कामा नये.

आणि जे आपण सांगितलंच नव्हतं, तेही नाही. एका वर्षी मुंबईच्या कुटुंबाने कलमांच्या टोपलीभर कैऱ्या काढल्या. बाग त्या हंगामापुरती व्यापाऱ्याला दिलेली, मला भुर्दंड पडला. रिव्ह्यू अर्धा टाइप झाल्यावर आठवलं की हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं! आता पडवीत पाटी आहे. त्या पाटीवर रात्री दहानंतर स्पीकर बंद हेही आहे, आणि ते माझ्या लहरीवर नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 हीच वेळ आहे. पाटीवर असलेली गोष्ट मोडली तर 'नियम आधी सांगितले होते' एवढं रिव्ह्यूत पुरतं.

डागाळलेला टॉवेल, फुटलेली बशी असलं किरकोळ मी खासगी संदेशात सांगते. बऱ्याचदा माणसं ओशाळून पैसे पाठवतात.

एका बाबतीत मी सभ्यपणाच्या भानगडीत पडत नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींवर एक पाहुणा भाकरी गार आली म्हणून ओरडला होता. मी लिहिलं: 'घरात काम करणाऱ्या बाईंवर ओरडले. पुन्हा खोली देणार नाही.' चोरी, छेडछाड, धमकी असेल तर आधी साइटला आणि गरज पडली तर पोलिसांना कळवा, रिव्ह्यू नंतर.

फोनवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या पाहुण्यांचा रिव्ह्यू लिहायची सोयच नसते. ते मात्र गूगलवर तुमचा लिहितात. तिथे दोन ओळींत उत्तर द्यायचं, पुढच्या वाचणाऱ्यासाठी. 'समुद्र दिसत नाही' म्हणून मला एक तारा मिळालाय. मी लिहिलं, 'घरातून समुद्र दिसत नाही, चालत दहा मिनिटांवर आहे, तसं माहितीतही लिहिलं आहे. आलात, आनंद वाटला.'

आता तुमचे सुरमईवाले. शेगडी खोलीत चालणार नाही हे आधी सांगितलं होतं असं धरून: 'बोलायला अगदी मोकळं कुटुंब. खोलीत स्वयंपाक करू नये असं सांगूनही इंडक्शनवर मासे तळले, चादर खराब झाली. चेकआउट दहाचं होतं, निघाले साडेबाराला. स्वयंपाकघर असलेली जागा यांना सोयीची पडेल.' सांगितलं नसेल तर मासे तळल्याचं वाक्य काढा आणि चादरीचं खासगीत कळवा.

चादर मात्र लगेच गरम पाण्यात टाकू नका. आधी डागावर भांडी घासायचा पातळ साबण चोळून अर्धा तास ठेवा, मग धुवा. आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नका.