मे महिन्याची सुट्टी पुण्यातच, पायी फिरून, घरी रांधून आणि गच्चीवर बाग करून घालवता येईल का?

आपण विचारले आहे की, मे महिन्यात नऊ दिवसांची रजा मिळाली आहे, बाहेरगावी जायचे नाही, गाडीही काढायची नाही, पुण्यातच पायी फिरायचे, घरी रांधायचे आणि गच्चीवर काही कुंड्या लावायच्या, तर अशी सुट्टी सुट्टीसारखी वाटेल का, उन्हाचे काय करावे, आणि रजा संपल्यावर त्या झाडांचे काय होईल. गेली तीन वर्षे आम्ही नेमकी अशीच सुट्टी घेत आहोत, म्हणून अनुभवावरून लिहिते. आम्ही सदाशिव पेठेत राहतो. घरात यजमान, अकरा वर्षांची मुलगी, सासूबाई आणि मी. सासूबाईंना गुडघ्यांमुळे लांबचा प्रवास झेपेना म्हणून पहिल्या वर्षी आम्ही नाइलाजाने घरी राहिलो. त्यानंतरची दोन वर्षे मात्र आवडीने राहिलो.

माझे उत्तर 'होय' असे आहे, फक्त दिवसाचे वेळापत्रक आपल्या हातात ठेवू नये, ते उन्हाच्या हाती सोपवावे. पहिल्या वर्षी आम्ही हे केले नाही. रजा आहे म्हणून सावकाश उठलो, दहाच्या सुमारास पर्वती चढायला निघालो, आणि एकशे तीन पायऱ्यांपैकी निम्म्याही झाल्या नसतील तोच मुलीचे डोके दुखू लागले; घरी आणून तिला दिवसभर मीठ-साखरेचे पाणी पाजत बसावे लागले. त्यानंतर आम्ही ठरवले की साडेपाचला घर सोडायचे आणि साडेआठच्या आत परतायचे. नऊ ते अकरा स्वयंपाक, मग जेवण, दुपारी दारे-खिडक्या ओढून विश्रांती किंवा वाचन, आणि ऊन उतरल्यावर गच्ची. पुण्याचा मे महिना दुपारी कितीही तापला तरी पहाटे अजून वारा असतो, आणि त्या तीन तासांत हे शहर चालणाऱ्याचे असते.

कुठे चालावे हे आपण कोणत्या भागात राहता त्यावर अवलंबून आहे, पण पेठा जवळ असतील तर नऊ दिवस पुरून उरतील. पर्वतीला पुन्हा गेलो तेव्हा सूर्य उगवण्याआधी वर पोहोचलो होतो. नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधलेल्या देवदेवेश्वराच्या मंदिराच्या तटाशी उभे राहून मुलीला खालचे सारसबागेचे तळे दाखवले, आणि पानिपतच्या बातमीनंतर 1761 मध्ये नानासाहेबांनी याच टेकडीवर प्राण सोडले हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. शाळेच्या पुस्तकातले नाव आणि पायाखालची जागा एक झाली की मुले अशीच गप्प होतात.

दुसऱ्या एका सकाळी कसबा पेठ पाहावी. कसबा गणपतीचे दर्शन घेऊन लाल महालावरून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापर्यंत यावे आणि त्या दारावरचे लोखंडी खिळे जवळून पाहावेत; हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते बसवले आहेत. तिसऱ्या दिवशी सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला जावे. हे देऊळ अनेक पुणेकरांनीही पाहिलेले नसते. मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती आहेच, पण मला ओढ वाटते ती बाहेरच्या काळ्या दगडी भिंतीची. तिच्यावर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याला धरून असलेले इंग्रज शिपाई कोरले आहेत. अठराव्या शतकात पुण्यात बसून कुणा कारागिराला हे का सुचले असेल, असे मुलीने विचारले, आणि त्यावर आम्ही घरी पोहोचेपर्यंत बोलत होतो.

पाण्याचा माग काढत चालणे हा आमचा सर्वांत आवडता फेरफटका. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पाणी शहरात आणले होते आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत पडत असे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना घेतो, पण ती एका जलव्यवस्थेची ठिकाणे आहेत हे पायी जाऊन एकामागून एक पाहिल्याशिवाय मनात उतरत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मुलीने आपण होऊन तांदूळ धुतलेले पाणी बादलीत साठवायला घेतले. मी तिला तसे सांगितले नव्हते.

या फिरण्याचा शेवट शक्यतो महात्मा फुले मंडईत करावा, कारण तिथून पुढे स्वयंपाक सुरू होतो. 1886 मध्ये ही इमारत सुरू झाली तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभे राहिले की उंच छपरामुळे मेमध्येही गारवा जाणवतो. माझा एक नियम आहे, तो आपणही पाळावा असे सुचवते: यादी न करता जायचे, आणि दोन पिशव्यांत मावेल व घरापर्यंत हाताने नेता येईल एवढेच घ्यायचे. गाडीने भाजी आणली की आठवड्याची येते आणि तिसऱ्या दिवशी कोमेजते. पायी आणली की त्या दिवसाची येते. भाजीवाल्या मावशींना घाई नसेल तर त्या शिकवतातही. "ताई, चुका आज कोवळा आहे, डाळीत घाला, उन्हाचं जेवण जात नसलं तरी हे जाईल," असे एकींनी सांगितले आणि ते खरे ठरले. मे महिन्यात पालेभाज्या थोड्या आणि महाग असतात, पण चुका, अंबाडी, काकडी, पांढरा कांदा, कैरी, आणि महिनाअखेरीस करवंदे व जांभळे एवढ्यावर घरचे ताट उत्तम भरते.

स्वयंपाक अकराच्या आत आटपावा, आणि तोही असा असावा की शेगडीपाशी फार उभे राहावे लागू नये. आमच्याकडे ज्वारीची आंबील आदल्या रात्री भिजवलेल्या पिठाची सकाळीच शिजवून गार करून ठेवतो. कैऱ्या कुकरला भाताबरोबरच उकडतात, त्यांचा गर गुळात कालवून वेलदोडा घालून बरणीत भरला की तीन-चार दिवसांच्या पन्ह्याची सोय होते. मेथांबा एकदाच करावा, तो आठवडाभर टिकतो. आमरसाबद्दल मी काही सांगायला नको.

पण रजेच्या नऊ दिवसांत एक तरी वाळवण करावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण नोकरीच्या दिवसांत ते होत नाही आणि त्याच्याइतके उन्हाशी जमवून घेणारे दुसरे काम नाही. आम्ही कुरडया करतो. गहू तीन दिवस पाण्यात भिजत ठेवायचे आणि पाणी रोज न चुकता बदलायचे, नाहीतर वास येतो. चौथ्या दिवशी गव्हाचा दाणा चिमटीत दाबला की आतून दुधासारखा पांढरा चीक बाहेर येतो; तसा आला की वाटायला घ्यायचा. वाटून, पाण्यात कालवून, गाळून रात्रभर झाकून ठेवले की सकाळी वर पिवळसर निवळी येते आणि तळाशी चीक घट्ट बसतो. निवळी ओतून काढायची, चीक मोजायचा, तेवढेच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचे आणि एकाने चीक ओतत असताना दुसऱ्याने हात न थांबवता ढवळायचे. इथे दोन माणसे लागतातच. गुठळी झाली तर सोऱ्यात अडकते. शिजलेला चीक आधी पांढरा असतो, मग झाकण ठेवून वाफ आली की काचेसारखा चमकू लागतो. सासूबाई त्या चमकेवरच ओळखतात, घड्याळ पाहत नाहीत. पहिली वाटी गरम चीक, तूप-गूळ घालून, घरातल्या लहानाला द्यायची, हा आमच्याकडचा रिवाज आहे. मग पहाटेच्या गारव्यात गच्चीवर धुतलेल्या कापडावर कुरडया घालायच्या. चीक गरम असतानाच त्या घालाव्या लागतात, म्हणून हे काम उन्हाच्या आधीच होते. गाळल्यावर उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात, आणि ती निवळी, तिच्यात मीठ नसते म्हणून, दुप्पट पाणी घालून कुंड्यांना देता येते.

आता बागेबद्दल. गच्चीवरच्या बागेत मे महिन्यात पहिली चूक पाण्याची होत नाही, जागेची होते. मी भेंडीची रोपे कठड्याच्या सावलीत ठेवली होती आणि ती तरीही चार दिवसांत होरपळली. कारण मला 13 मे रोजी कळले. पुण्यात त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मुलीने गच्चीवर स्टीलचा उभा डबा ठेवला होता. त्याच्याभोवतीची सावली आकसत आकसत बुडाखाली गेली आणि मग डबा उन्हात ठेवलेल्या चित्रासारखा दिसू लागला. तेव्हा माझ्या लक्षात आले की या दिवसांत भरदुपारी कोणताही कठडा, कोणतीही भिंत सावली देत नाही. पुढे जूनमध्ये तर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे कलतो, त्यामुळे वर्षभर सावलीत असलेला भिंतीचा उत्तरेकडचा कोपराही तापतो. म्हणून आडोसा नव्हे, वरून हिरवी जाळी हवी. शिवाय कुंड्या थेट फरशीवर ठेवू नयेत. तापलेली गच्ची मुळे भाजते. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा सरकवल्या आणि मातीवर नारळाच्या शेंड्या व वाळलेला पाला यांचे चार बोटे आच्छादन केले, तेव्हा त्याच जागी भेंडी टिकली.

काय लावावे, तर रजेत लावून पावसाळ्यात फळ देईल असे लावावे. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला वेलभाज्यांची आळी करण्याची पद्धत आहे; दोडका, कारले, पडवळ यांचे बी तेव्हापासून मेअखेरपर्यंत टोकले तर पहिल्या पावसात वेल मांडवावर चढतो. हळद आणि आले यांचे डोळे फुटलेले तुकडे मंडईतूनच निवडून आणावेत आणि पसरट कुंडीत लावावेत. त्यांना थोडी सावली चालते. अळूचे दोन कंद स्वयंपाकघराचे पाणी जिथे ओतता तिथे लावले तर श्रावणात अळूवड्यांसाठी कुणाकडे पाने मागावी लागत नाहीत. मोगरा घरात असेल तर त्याचा हा बहराचाच काळ आहे. एक बहर ओसरला की फुलून गेलेल्या फांद्यांचे शेंडे छाटावेत, नवी फूट येते आणि तिच्यावर पुन्हा कळ्या धरतात. आंब्याच्या कोयी मुलांना लावू द्याव्यात. गच्चीवर त्याचे झाड वाढणार नाही हे खरे, पण दोन-तीन आठवड्यांत तांबूस पाने घेऊन वर येणारे रोप पाहण्यासारखे असते, आणि पुढे ते गावाकडे किंवा एखाद्या मोकळ्या जागेवर लावता येते.

पाणी सूर्योदयापूर्वी किंवा दिवे लागल्यावर द्यावे. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी आमच्या बारा कुंड्यांना जवळजवळ पुरते. एखाद्या संध्याकाळी बागेचे काम कमी असेल तर केळकर संग्रहालयातल्या विळ्या, अडकित्ते आणि दिवे पाहून यावे, मात्र बंद होण्याची वेळ आधी विचारून ठेवावी. तिथून परतल्यावर आमच्या मुलीने माळ्यावरची जुनी विळी खाली काढायला लावली आणि सासूबाईंकडून तिच्यावर काकडी चोचवायला शिकली.

राहता राहिला आपला शेवटचा प्रश्न, रजा संपल्यावर झाडांचे काय. मोठ्या कुंडीच्या मधोमध बिनझिलईचे, लिटरभर पाणी मावेल असे मातीचे गाडगे गळ्यापर्यंत पुरून ठेवावे, पाण्याने भरावे आणि वर पणती पालथी घालावी. त्याच्या अंगातून पाणी मुळांना हवे तसे झिरपत राहते. गाडगे रजेच्या शेवटच्या दिवशी पुरू नये, पहिल्याच दिवशी पुरावे, म्हणजे ते किती दिवसांत रिकामे होते हे आपल्याला घरी असतानाच कळेल. आमच्याकडे दोडक्याच्या कुंडीत ते मेमध्ये दोन दिवस पुरते, हळदीच्या कुंडीत तीन. तेवढे एकदा कळले की कामावर जाण्यापूर्वी कोणत्या दिवशी कोणते गाडगे भरायचे, हे दारामागच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवता येते.