बर्फ, पाणी, वाफ नको

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

हॉस्टेलमधली मैत्रीण विचारते, तुमचे देव तीन की एक? प्रार्थनागटातला दादा विचारतो, तुझं तारण, म्हणजे पापातून सुटका, कोणत्या तारखेला झालं? आणि तुझी दोघांपुढे दातखीळ बसली. बसू दे. तोंडाला येईल ते ठोकून देण्यापेक्षा ते बरं.

माझं पालुपद तुला पाठ आहे, तरी ऐक: शास्त्र थांबतं तिथं थांबायचं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्र्यैक्य मैत्रिणीला चटकन पटावं म्हणून बर्फ-पाणी-वाफेचा दाखला काढू नकोस. ब्रह्मा-विष्णू-महेश तर नकोच. त्यात तिच्याही श्रद्धेचा विचका होतो नि आपल्याही.

आमच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या वर्गात, एकदा एक पाहुणे थर्मासमधून बर्फ घेऊन आले. स्टोव्हवर पातेलं ठेवलं, बर्फ वितळला, वाफ निघाली, पोरं खूश. तेवढ्यात मागच्या चटईवरची एक मुलगी म्हणाली, "बाप्तिस्म्याला येशू यार्देने नदीच्या पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, मग आकाशातून बोललं कोण?" पाहुणे म्हणाले, "खाली बस." मी म्हटलं, "ती बसणार नाही, तुम्ही उत्तर द्या." एकच पाणी पाळीपाळीनं तीन रूपं घेतं, यार्देनेवर तिघे एकाच वेळी आहेत. एकच देव तीन सोंगं घेतो, ही साबेल्यस नावाच्या शिक्षकाची शिकवण ख्रिस्ती मंडळीनं तिसऱ्या शतकातच नाकारली. आपण ती थर्मासमधून परत आणतो!

पुढं वर्ग माझ्याकडून काढून घेतला गेला. मास्तर पोरांना गोंधळात टाकतो म्हणे. ती पोरं अर्ध्यावर सुटली, ते मला अजून डाचतं. पण बर्फाला मान डोलावून वर्ग राखणं मला जमलं नसतं, आजही जमणार नाही. पोरांना गोंधळ चालतो, बाळ. गोंधळ मोठ्यांना सोसत नाही.

मग सांगायचं काय? त्र्यैक्य कुणी कोडं म्हणून रचलेलं नाही, ते तारणाच्याच प्रश्नातून आलंय. आरियस नावाचा धर्मगुरू म्हणे, पुत्र, म्हणजे येशू, थोर खरा, पण निर्माण केलेला. तो नव्हता असा काळ होता. इ. स. ३२५ मध्ये निकेया इथं बिशप जमले ते या वादापायी. आरियसच्या विरोधात अलेक्झांड्रियाच्या अथानासियसचा मुद्दा सरळ होता: जो स्वतः निर्मिती आहे, तो निर्मितीला देवाशी कसा जोडणार? या हट्टापायी त्याला पाच वेळा हद्दपारी झाली. आपण मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, "खऱ्या देवापासून खरा देव" म्हणतो ना, ते तिथलं. देव एकच, पिता, पुत्र, पवित्र आत्मा तिघेही देव, पिता म्हणजे पुत्र नव्हे. एवढं म्हण आणि गप्प राहा. मैत्रीण म्हणेल, कळलं नाही. म्हणू दे की!

तारखेवाल्या दादाला बायबलातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांकडे पाठव. इफिसकरांना तो लिहितो, तुमचं तारण झालेलं आहे. करिंथकरांना लिहिताना तारण होत आहे म्हणतो. रोमकरांना लिहिताना ते व्हायचं आहे. तिन्ही एकाच माणसानं लिहिलंय. तारीख कुठली लावणार? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्यानंतरही त्र्यैक्य पटेना, तेव्हा त्या आपल्या इंग्लिश शिक्षिकांशी पत्रांतून भांडल्या; विचार करायचा माझा हक्क मी सोडणार नाही, ही त्यांची भूमिका. पुढं साक्ष देताना त्याच सांगतात, बाप्तिस्म्यानं धर्म मिळाला होता, ख्रिस्त काही वर्षांनी सापडला. केडगावचं मुक्ती मिशन उभारणाऱ्या बाईंना त्या दादानं तारीख विचारून बघावी.

राहिली मैत्रिणीची आजी. वारी करते, कुणाचं वाईट चिंतत नाही, ती नरकात जाणार का? हा प्रश्न तू शेवटी, घाईघाईत लिहिलास. मला वाटतं खरा तोच आहे. तारण ख्रिस्ताकडून, हे मी सोडणार नाही. पण तो ते कुणापर्यंत कसं पोचवतो याचा हिशेब आपल्याकडे दिलेला नाही. ज्यांना मोशेचं नियमशास्त्र मिळालं नाही, त्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेलं आहे, असं रोमकरांस दुसऱ्या अध्यायात आहे. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशूनं सुखलोक कबूल केला, त्याला ना बाप्तिस्मा मिळाला, ना आमच्यासारखा मास्तर. नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो म्हणत. आजीचा निकाल लावायला तुला बसवलेलं नाही, त्या दादालाही नाही. इथंही तेच, थांबायचं.

सुट्टीत आलीस की मार्क १३:३२ काढून बसू. तो शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असं पुत्र स्वतःच म्हणतो. पुत्र पित्याहून कमी दिसतो म्हणून आरियसचे लोक या वचनावर फार खूश असत, आणि मला ते अजून अडवतं. तोवर थर्मासवाला कुणी भेटला, तर त्याला हे वचन विचार.

तुझा,
मास्तरकाका