नुसती नळी बदलून भागेल का?

प्रश्न : वडिलांचं कोल्टच्या १९११ घाटाचं .४५ (इंचाच्या कॅलिबरचं) पिस्तूल रीतसर माझ्या नावावर झालं आहे. .४५ची काडतुसं महाग पडतात आणि झटका माझ्या मनगटाला सोसत नाही. क्लबातले मित्र म्हणतात, ‘९ मिलिमीटरची नळी बसव, झालं काम. लुगरला तेच करतात.’ खरंच एवढं सोपं आहे का?

उत्तर : लुगरबद्दल मित्र म्हणतात ते बरोबर आहे, पण तुमच्याकडे लुगर नाही!

गेओर्ग लुगरचं पिस्तूल स्विस सैन्याने १९०० साली घेतलं, तेव्हा ते ७.६५ मिलिमीटरचं होतं. त्या काडतुसाची मान बाटलीसारखी आवळलेली. पुढे १९०२च्या सुमारास लुगरने तीच मान सरळ मोकळी केली आणि तिथे ९ मिलिमीटरची गोळी बसवली. आज जगभर चालणारं ९ मिलिमीटर पॅराबेलम ते हेच. काडतुसाचं बूड मात्र होतं तेच राहिलं. बूड तेच, म्हणून मॅगझिन तेच, काडतुसाचं बूड टेकतं तो बोल्टचा चेहरा तोच आणि रिकामी केस (काडतुसाचं धातूचं कवच) ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरही तोच. बदलायला उरली फक्त नळी. ती आट्यांवर घट्ट बसलेली असते आणि नेम धरायची पुढची माशी तिच्यावरच असते, त्यामुळे तेही घरच्या पान्याने करायचं काम नाही.

आता तुमचं पिस्तूल घ्या. .४५च्या बुडाचा व्यास साधारण १२.२ मिलिमीटर, ९ मिलिमीटरच्या काडतुसाचा जेमतेम १०. नुसती नळी बदललीत तर ते बारीक बूड स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या) रुंद चेहऱ्यावर सैल डोलत राहील, एक्स्ट्रॅक्टरची नखी त्याच्या कडेपर्यंत नीट पोहोचणार नाही आणि काडतूस कधी आडवं, कधी तिरपं अडकेल. शिवाय ९ मिलिमीटरचं काडतूस लांबीलाही कमी, म्हणून मॅगझिन वेगळं. रिकामी केस बाहेर फेकणारा इजेक्टर वेगळा, स्प्रिंगा वेगळ्या. म्हणजे नळी, स्लाइड, एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंगा आणि मॅगझिन असा अख्खा संच लागतो. तो तुमच्या फ्रेमवर, म्हणजे मुठीसकटच्या मूळ सांगाड्यावर, जुळवणं आणि फ्रेमवरचा इजेक्टर बदलणं हे आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं, काम. ‘जरा घासलं की बसतं’ असं कोणी म्हणालं तर पिस्तूल उचला आणि घरी या.

कल्पना मात्र वेडगळ नाही. कोल्टनेच १९२९ साली याच घाटात .३८ सुपर आणलं. त्याची काडतुसं लांबीला .४५ एवढीच, म्हणून ती या मुठीत छान मावतात. १९३१ साली .२२चं ‘एस’ आलं. .२२च्या चिमूटभर बारूदाला जड स्लाइड ढकलता येत नव्हती, म्हणून ‘एस’ची स्लाइड हलकी केलेली होती. नंतर डेव्हिड मार्शल विल्यम्स या कारागिराने त्यावर मोठी नामी युक्ती काढली : नळीत काडतूस बसतं ते चेंबरच सरकतं केलं. गॅसचा दाब केसच्या इवल्याशा बुडाऐवजी त्या चेंबरच्या रुंद तोंडावर पडतो आणि झटका कैक पटींनी वाढतो. जड स्लाइडही मग मुकाट मागे जाते. मला विचाराल तर या साऱ्या खटाटोपातली सगळ्यात हुशार वस्तू तीच.

तुमच्या मनात आणखी एक समज असणार : गोळी लहान, म्हणजे सगळंच सौम्य. झटका कमी होईल हे खरं. चेंबरमधला दाब उलट वाढतो. अमेरिकी मानकाप्रमाणे .४५ची कमाल मर्यादा २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ९ मिलिमीटरची ३५,०००. बुडाचं क्षेत्रफळ कमी असल्यामुळे स्लाइडवर मागे येणारा जोर त्या प्रमाणात वाढत नाही, थोडासाच वाढतो. पण नळीचं पोलाद हा दाब सोसणारं हवं. म्हणून नळी प्रूफ चाचणी (मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस उडवून घेतलेली परीक्षा) होऊन शिक्का पडलेलीच घ्या.

पिस्तुलाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझ्या लेखी तेच सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या १९११च्या स्लाइड आजच्यासारख्या कडक केलेल्या नसत. त्या मऊ असतात आणि वापराने तडकतात. तुमचं पिस्तूल त्या काळातलं असेल तर नवा संच हा उलट फायद्याचा : जुनी स्लाइड विश्रांती घेईल, मार नवी खाईल. फ्रेमला तडा नाही ना, हे मात्र आधी तपासून घ्या.

पैसे भरण्याआधी परवाना वाचा. अमेरिकेत कायद्याच्या नजरेत अनुक्रमांकाची फ्रेम म्हणजे पिस्तूल, नळी हा साधा सुटा भाग. युरोपीय संघात नळी आणि स्लाइड यांनाही शस्त्राचे मुख्य भाग मानून नोंद लागते. परवान्यावर कॅलिबर लिहिलेलं असेल तर आधी ते बदलून घ्या, मगच नळी मागवा.

आणि सरावाच्या टेबलावर एका वेळी एकाच कॅलिबरची पेटी. १९१६ साली जर्मन सैन्याने माउझरच्या ‘सी ९६’ पिस्तुलाची ९ मिलिमीटरमध्ये मोठी मागणी नोंदवली, तेव्हा मूळची ७.६३ची पिस्तुलंही वापरात होतीच. घोळ टाळायला नव्यांच्या लाकडी मुठीवर मोठा ९ कोरून त्यात लाल रंग भरला. सैन्याला ज्याची गरज वाटली, त्याची तुम्हाला-मला लाज कशाला?

प्रश्न : माझ्याकडे वेब्ली मार्क ६ आहे. सिलिंडर मागून तासलेला आहे आणि क्लिप लावून .४५ एसीपी (१९११ पिस्तुलाची .४५ काडतुसं) त्यात बसतात. बिनधास्त उडवू का?

उत्तर : नाही. बसतात म्हणून उडवायची नसतात.

मार्क ६ हे १९१५चं रिव्हॉल्व्हर, .४५५च्या काडतुसासाठी केलेलं. त्या काडतुसाचा दाब १३,००० पीएसआयच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरं अमेरिकेत ढिगाने गेली. तिथे .४५५ मिळेना, .४५ एसीपी मात्र हवी तेवढी. मग विक्रेत्यांनी सिलिंडरची मागची बाजू तासली, चंद्रकोरीच्या आकाराच्या क्लिपा दिल्या आणि माल खपवला. कारखान्यातून येणारं .४५ काडतूस त्याच्या २१,०००च्या मर्यादेजवळ जाऊ शकतं. वेब्लीची प्रूफ चाचणी एवढ्या दाबासाठी झालेली नाही. असं प्रत्येक काडतूस म्हणजे तुम्ही घरी घेतलेली नवी प्रूफ चाचणी आणि तीही हातात धरून. सिलिंडर फुटल्याची उदाहरणं आहेत. तासलेला भाग परत येत नाही, म्हणून माझं मत सरळ आहे : हे रिव्हॉल्व्हर उडवू नका, जपून ठेवा.

प्रश्न : टोकारेव या रशियन पिस्तुलाची ७.६२ काडतुसं जुन्या माउझर सी ९६ मध्ये बसतात. चालतील?

उत्तर : मापं जवळपास सारखी, त्यामुळे बसतात. पण टोकारेवची काडतुसं बरेचदा जास्त कडक भरलेली असतात आणि जुन्या माउझरचा बोल्ट त्यात जायबंदी होतो. ७.६३ माउझर असं छापलेल्या पेटीतलीच वापरा.

प्रश्न : कॅलिबर बदलल्यावर काढलेले मूळ भाग ठेवायचे कसे?

उत्तर : विकू नका, जुळत्या शिक्क्यांचे सगळे भाग एकत्र असतील तरच संग्राहक पूर्ण किंमत देतो. पुसून, पातळ तेलाचा हात देऊन कोरड्या डब्यात ठेवा. चामड्याच्या म्यानात मात्र नको, चामडं ओल धरतं आणि पोलाद गंजतं.