भाच्यानं सगळ्याच टिका काढल्या

प्रश्न : तासगावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. सकाळी संगणक चालू केला की कामाला लागेपर्यंत सहा-सात मिनिटं जातात, गिऱ्हाईक ताटकळतं. भाच्यानं व्हिडिओ बघून 'एमएसकॉन्फिग'मध्ये, म्हणजे विंडोजसोबत काय सुरू व्हावं ते ठरवायच्या खिडकीत, आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या सर्व्हिसेसच्या (पडद्यामागं चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टिका काढल्या. आता प्रिंट निघत नाही, आधारचं अंगठ्याचं मशीनही चालत नाही. नेमकं काय बंद केलं ते त्याला सांगता येत नाही. विंडोज १० आहे. – एक वाचक

उत्तर : ताई, भाच्याला आठवत नसलं तरी विंडोजला आठवतंय. त्याच 'एमएसकॉन्फिग'च्या 'सर्व्हिसेस' टॅबमध्ये शेवटचा रकाना बघा. कोणती सर्व्हिस कुठल्या तारखेला बंद केली ते तिथं लिहिलेलं असतं. त्या दिवसाची तारीख असलेल्या सगळ्यांना पुन्हा टिक करा आणि संगणक रीस्टार्ट करा. 'शट डाउन' नको. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउननंतर सगळं नव्यानं सुरू होत नाही.

त्यात 'प्रिंट स्पूलर' असेल. छापायचं पान आधी त्याच्या रांगेत जातं. तो बंद असला की प्रिंटर नवाकोरा असून उपयोग नाही. अंगठ्याच्या मशीनची 'आरडी सर्व्हिस' तर हवीच. ठसा कुलूपबंद करून पुढं पाठवायचं काम तिचं.

मीही हे उद्योग केलेत. दुकान नवीन असताना 'डीएचसीपी क्लायंट' हे नाव बिनकामाचं वाटलं म्हणून बंद केलं आणि दिवसभर इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसलो. संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता मिळवून देणारी सर्व्हिस मीच झोपवली होती! तेव्हापासून खालच्या 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक केल्याशिवाय मी यादीला हात लावत नाही. त्यानं मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्व्हिसेस यादीतून लपतात. मग जे थोडं उरतं, त्यातलंच छाटायचं.

तुमच्याकडं बहुतेक विकून टाकलेल्या जुन्या प्रिंटरचे अपडेटर निघतील. विंडोज आणि आर या कळा दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' (services.msc) लिहून उघडा, त्यांचा 'स्टार्टअप टाइप' 'मॅन्युअल' करा. लागतं पण सकाळी घाई नाही, अशाला 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' द्या. ते बाकीच्यांच्या मागून साधारण दोन मिनिटांनी उठतं. आरडी सर्व्हिस आणि अँटिव्हायरस मात्र आहे तसं राहू द्या.

खरी गर्दी बहुधा सर्व्हिसेसची नसतेच. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरचा 'स्टार्टअप' टॅब उघडा. ज्यांच्यापुढं 'हाय' लिहिलंय ते प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ खातात, नाहीतर डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त उलाढाल करतात. गप्पांची, गाण्यांची ॲप्स इथून बेधडक 'डिसेबल' करा.

एवढं करूनही रोज सकाळी टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर जुनी फिरती हार्ड डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या. बसवणाऱ्याला जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल उतरवायला सांगा. कोरी विंडोज टाकली तर आरडी सर्व्हिस पुन्हा टाकण्यात अर्धा दिवस जाईल.