फुकट देतात, मग कोड का देत नाहीत?

प्रश्न : फोटोंच्या फाइलींची नावं एकदम बदलणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी वापरतो. मोफत आहे. बनवणाऱ्याकडे सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर) मागितला, तर त्याने नम्रपणे नकार दिला. पैसे घेत नाही, मग लपवण्यासारखं काय असतं?

उत्तर : बऱ्याचदा लाज वाटते. हसू नका, मीही त्यातलाच. सबटायटल मागेपुढे सरकवणारा माझा एक प्रोग्रॅम आहे. त्यात एके ठिकाणी मीच टीप लिहून ठेवलीय : ‘इथे ०.४ सेकंद का लागतात कळत नाही. हात लावू नये.’ प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, पण तो उघडून दाखवायचा म्हणजे पाहुण्याला थेट माळ्यावर चढवण्यासारखं.

त्याआधी एका प्रोग्रॅमचा कोड मी खुला केला होता. आठवड्याभरात ‘माझ्याकडे चालत नाही’ सुरू झालं. एकाने चाळीसेक ओळींची दुरुस्ती पाठवली. ती तपासण्यात माझा अख्खा रविवार गेला, आणि घेतली नाही म्हणून गडी रुसला तो रुसलाच. ‘जसं आहे तसं घ्या’ असं लायसन्समध्ये लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण?

शिवाय कोड सगळा बनवणाऱ्याचा स्वतःचा असेलच असं नाही. ‘डूम’ या गेमचा कोड १९९७ मध्ये खुला झाला, तेव्हा आवाजाची लायब्ररी, म्हणजे आवाज वाजवणारा तयार कोड, बाहेरून घेतलेली होती. ती वाटायचा हक्क नव्हता, म्हणून ती न वापरणारी, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीची आवृत्ती द्यावी लागली. नोकरीत लिहिलेल्या कोडवर तर बहुधा कंपनीचाच हक्क असतो. काहींना पुढेमागे तो विकायचाही असतो, त्यात गैर काही नाही.

‘सुरक्षेसाठी कोड गुप्त ठेवलाय’ हे कारण मात्र मला फारसं पटत नाही. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालावं, गुप्त फक्त किल्ली असावी, हे गुप्तलेखनाचा अभ्यासक केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच सांगून ठेवलंय. अर्थात, किल्लीच कोडमध्ये लिहून ठेवणारे महाभाग असतात. पासवर्ड नंतर पुसला तरी गिटच्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या नोंदींत तो तसाच राहतो. असा माणूस कोड द्यायला घाबरणारच.

तुम्ही त्याला पुन्हा लिहा, पण कोड मागू नका. नेमकं काय बदलून हवंय ते सांगा. मला कोणी तसं विचारलं असतं, तर ते ०.४ एव्हाना सेटिंगमध्ये आलं असतं.