व्हीए आहे, मग मेडिकेअर कशाला?

मागच्या गणपतीत आरती झाली आणि प्रसादाच्या रांगेतून एका काकांनी मला बाजूला ओढलं. चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून पाकिटातून दोन कार्डं काढली. एक व्हीएचं, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं, फोटो असलेलं. दुसरं लाल-पांढरं-निळं, मेडिकेअरचं, म्हणजे पासष्टीपासूनच्या सरकारी आरोग्यविम्याचं. "यातलं एक परत पाठवलं तर चालेल ना?" अमेरिकी सैन्यात नोकरी केलेली मराठी माणसं फार नाहीत, पण जी आहेत ती आता पासष्टीला येताहेत. न्यू जर्सीत मेडिकेअरबद्दल मोफत सल्ला देण्याचं काम मी गेली काही वर्षं करते, आणि हा प्रश्न दर महिन्याला येतो. या वेळी आलेली सगळीच पत्रं त्याच्या आसपासची आहेत.

प्रश्न: नोव्हेंबर २०२६ मध्ये मी ६५ पूर्ण करतोय. १९८३ ते ८७ आर्मीत होतो. औषधं, तपासण्या, चष्मा, सगळं व्हीएत होतं. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) सुरू असल्यामुळे मेडिकेअरचं कार्ड आपोआप येईल म्हणतात. पार्ट बीसाठी महिन्याला २०३ डॉलर उगाच का भरायचे?

कार्ड आलं की त्यावरच्या दोन ओळी नीट वाचा. एक पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलातली खाट. दुसरी पार्ट बी, म्हणजे डॉक्टर, तपासण्या, अँब्युलन्स, बाह्यरुग्ण उपचार. दोन्हींसमोर तारखा असतात. तुमची आणि पत्नीची मिळून नव्हे, तुमची एकट्याची नोकरी दहा वर्षं, म्हणजे ४० तिमाह्या भरली असेल तर पार्ट ए फुकट आहे. तो ठेवायचाच. बीचा २०२६ चा हप्ता २०२ डॉलर ९० सेंट. नको असेल तर सोबतच्या सूचनेप्रमाणे कार्ड परत पाठवायचं असतं, आणि नेमकी इथेच घाई होते.

व्हीए आणि मेडिकेअर या दोन वेगळ्या चुली आहेत. व्हीएच्या हॉस्पिटलात झालेल्या उपचाराचा एक सेंटही मेडिकेअर देत नाही. मेडिकेअरवर बाहेर घेतलेल्या उपचाराची तुमच्याकडे उरणारी वीस टक्के बाकी व्हीए भरत नाही. व्हीएने आधी मंजुरी देऊन बाहेरच्या डॉक्टरकडे पाठवलं तर तो खर्च व्हीएचा, पण मंजुरी आधी हवी.

माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना रात्री दोन वाजता छातीत कळ आली. व्हीएचं हॉस्पिटल सव्वा तासावर. अँब्युलन्सवाले विचारत बसत नाहीत, जवळच्या हॉस्पिटलात नेतात. तसंच झालं. जीव वाचला. महिन्याभराने बिलं यायला लागली: खाटेचं पार्ट एने उचललं, पण अँब्युलन्स, हृदयरोगतज्ज्ञ आणि इमर्जन्सीतल्या डॉक्टरांची पाकिटं वेगवेगळी आली आणि बी नव्हता. अशा वेळी व्हीए मदत करू शकतं, पण ७२ तासांच्या आत त्यांना कळवावं लागतं. आजार सैन्यातल्या सेवेशी जोडलेला नसेल तर गेल्या २४ महिन्यांत व्हीएत उपचार घेतलेले असणं, ही आणखी एक अट. तिच्या पाठोपाठ इतरही आहेत. आयसीयूच्या दारात बसलेल्या वहिनींना ७२ तासांचं काही माहीत नव्हतं. कुणाला असतं?

आता दंड. पासष्टीच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन अशी सात महिन्यांची मुदत असते. तुमच्यासाठी ती ऑगस्ट २०२६ ते फेब्रुवारी २०२७. ती हुकली आणि सत्तरीला वाटलं की आता बी घ्यावा, तर उशीर झालेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो. पाच वर्षांचे पन्नास टक्के, म्हणजे आजच्या दराने महिन्याला १०१ डॉलर जास्त, आणि तेही जन्मभर. शिवाय अर्ज फक्त जानेवारी ते मार्च या काळात करता येतो. "माझ्याकडे व्हीए होतं" ही सबब इथे चालत नाही. चालू नोकरीतल्या मोठ्या कंपनीचा विमा (२० किंवा जास्त कर्मचारी) असेल तर चालते, स्वतःचा किंवा जोडीदाराचा. व्हीए म्हणजे नोकरीतला विमा नव्हे.

व्हीएवरचा तुमचा विश्वास योग्यच आहे, पण नियम बदलू शकतात. व्हीए माणसांना आठ प्राधान्य गटांत बसवतं. जानेवारी २००३ मध्ये आठव्या गटातल्या जास्त उत्पन्नाच्या नव्या अर्जदारांना दार बंद झालं. २००९ मध्ये ते थोडंसं किलकिलं झालं. आधी नाव घातलेल्यांना काढलं नाही, हे खरं. तरीही पुढच्या वीस वर्षांची हमी कुणीच देत नाही. खुद्द व्हीएचाच सल्ला आहे की ए आणि बी दोन्ही घ्या.

मी बी ठेवेन. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात, पण ओढा मोठा असेल तर दोन दगड लागतातच. एक अपवाद मात्र मान्य करते: व्हीएचं हॉस्पिटल पाच-दहा मिनिटांवर, सेवेशी जोडलेलं अपंगत्व ५० टक्के किंवा जास्त आणि हातात पैसा कमी. अशा माणसाने आधी राज्याच्या मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅमसाठी अर्ज करावा. उत्पन्न मर्यादेत बसलं तर बीचा हप्ता राज्य भरतं आणि दंडही लागत नाही. ते नाकारलं गेलं तरच बी सोडण्याचा विचार.

प्रश्न: पार्ट डी, म्हणजे औषधांचा विमा, तोही घ्यायचा का? की त्यालाही दंड?

नाही. औषधांच्या बाबतीत व्हीएचं कव्हर मेडिकेअर ग्राह्य धरतं. व्हीएत नाव आहे तोवर डी न घेतल्याचा दंड साठत नाही. व्हीएत ३० दिवसांच्या औषधाला ५, ८ किंवा ११ डॉलर पडतात आणि वर्षाला ७०० डॉलरपुढे काही द्यावं लागत नाही. अपंगत्व ५० टक्के किंवा जास्त असेल तर तेही नाही. अडचण एवढीच की बाहेरच्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी व्हीएच्या फार्मसीत सहसा तशीच चालत नाही, व्हीएच्या डॉक्टरने ती मान्य करावी लागते. जाता जाता: श्रवणयंत्र व्हीएतूनच घ्या. मूळ मेडिकेअर (ए आणि बी) त्याचे पैसे देत नाही.

प्रश्न: यांचं सगळं व्हीएत आहे, पण माझं काय? मी कधी नोकरी केली नाही. (इलिनॉयहून एक वहिनी)

वहिनी, हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा आनंद झाला, कारण बहुतेक घरांत तो कागदपत्रांच्या तळाशी राहून जातो. व्हीए फक्त सैनिकाचं, बायकोचं नव्हे. त्यांनी बी सोडला तर जेमतेम निभेल, तुम्ही सोडलात तर निभणार नाही. त्यांच्या ४० तिमाह्या भरलेल्या असतील आणि त्यांचं वय ६२ च्या पुढे असेल, तर ६५ ला तुम्हालाही पार्ट ए फुकट मिळतो. बीचा हप्ता वेगळा, तुमच्या नावचा.

आणखी एक विचारा त्यांना: त्यांचं अपंगत्व व्हीएने "कायमचं आणि संपूर्ण" असं नोंदवलंय का? तसं असेल तर तुम्हाला चॅम्पव्हीए नावाची योजना मिळू शकते. मेडिकेअर देऊन उरलेला खर्च ती बराचसा उचलते आणि तिच्यात औषधंही येतात. पण ६५ नंतर ती टिकवायची तर तुमच्याकडे ए आणि बी दोन्ही हवेत. बी सोडला की चॅम्पव्हीएही गेलं. ते आखाती युद्धात होते असं तुम्ही लिहिलंय. ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्यानंतर तिथल्या धुराशी जोडले गेलेले बरेच आजार व्हीए गृहीत धरून मान्य करतं. जुना दावा नाकारला गेला असेल तर पुन्हा टाका.

(वीस वर्षं पूर्ण करून सैन्यातून निवृत्त झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ट्रायकेअर फॉर लाइफ असतं, बायकोसकट. तिथेही ए आणि बी सक्तीचे.)

प्रश्न: टीव्हीवर "फक्त माजी सैनिकांसाठी" अॅडव्हांटेज प्लॅनची जाहिरात येते. हप्ता शून्य, वर बीचे काही पैसे परत. घ्यावा?

जाहिरातीत झेंडा जितका मोठा, तितकी मी सावध होते. हे प्लॅन, म्हणजे खाजगी कंपन्यांमार्फत मिळणारं मेडिकेअर, खोटे नाहीत. त्यांत औषधांचं कव्हर बहुधा नसतं, कारण ते व्हीएत मिळतं असं गृहीत धरलेलं असतं. त्यातून वाचलेला पैसा परतावा म्हणून दाखवतात. व्हीएत नियमित जाणार्‍याला, फक्त अडीनडीला बाहेरचं दार हवं असणार्‍याला हे जमू शकतं.

सही करण्याआधी दोन गोष्टी बघा. तुमच्या गावातलं हॉस्पिटल त्यांच्या यादीत आहे का, हे प्लॅनला नव्हे, हॉस्पिटलच्या बिलिंगला फोन करून विचारा. दुसरं, बी सुरू झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत मेडिगॅप, म्हणजे ती वीस टक्क्यांची बाकी भरणारा पूरक विमा, तब्येत न विचारता मिळतो. पाच वर्षांनी अॅडव्हांटेजला कंटाळून परत आलात तर बहुतेक राज्यांत कंपनी मधुमेह, बायपास सगळं विचारते आणि नाही म्हणू शकते.

प्रश्न: मी २६ वर्षं व्हीए हॉस्पिटलात डॉक्टर होतो. मला तिथे उपचार मिळतील ना?

डॉक्टरसाहेब, नाही. तिथे नोकरी केल्याने कुणी माजी सैनिक होत नाही. गणवेश घातला असेल तर वेगळं. तुमच्याकडे फेडरल कर्मचार्‍यांचा विमा आहे, तो निवृत्तीनंतरही चालतो. पण निवृत्त झालात की तो "चालू नोकरीतला" राहत नाही, म्हणून बी हवा असल्यास आठ महिन्यांच्या आत घ्या.

प्रश्न: दर हिवाळ्यात चार महिने पुण्यात असतो. तिथे काय चालेल?

मेडिकेअर भारतात चालत नाही, हे धरूनच चाला. व्हीएचा फॉरेन मेडिकल प्रोग्रॅम चालतो, पण फक्त सेवेशी जोडलेल्या मान्य आजारांसाठी. पाठीच्या दुखण्याला मान्यता असेल तर पुण्यातल्या फिजिओथेरपीचे पैसे मागता येतात, डेंग्यूचे नाही. सहसा आधी खिशातून भरायचे, मग दावा. पावतीवर आजाराचं निदान आणि उपचारांचा तपशील हवा, नुसती "रु. ८,५००, धन्यवाद" अशी नको. बाकीच्यासाठी प्रवासविमा काढा.

प्रश्न: मी भारतीय सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. वय ६८, तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डवर मुलाकडे डॅलसला आलो. मलाही माजी सैनिकांचं काही मिळेल?

सुभेदारसाहेब, व्हीए अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्यांसाठी आहे. ईसीएचएस, म्हणजे भारतीय माजी सैनिकांची आरोग्य योजना, इथे अमेरिकेत चालत नाही. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे राहिलात की मेडिकेअर विकत घेता येईल. इथे नोकरी झाली नसल्यामुळे पार्ट एला २०२६ च्या दराने महिना ५६५ डॉलर, बीचे २०३ वेगळे. नुसता बी घेतला तरी चालतो. पाच वर्षं पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात जा, सात महिन्यांची मुदत तुम्हालाही लागू आहे. तोवरच्या दोन वर्षांसाठी मुलाला मार्केटप्लेसमधून (सरकारी विमाबाजारातून) विमा बघायला सांगा. ईसीएचएसचं कार्ड मात्र जपून ठेवा. सातार्‍याला गेलात की दात आणि डोळे तिथेच उरकून या.